वटवाघळाच्या बावीस दोऱ्या

माळ्यावरचा डबा काढायचा असला तरी माझी वहिनी स्टुलावर चढत नाही. दादाला हाक मारते, आणि तो वर चढला की खाली उभी राहून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरते. विमानातून उडी मारणं तर सोडाच, ती आजवर विमानात बसलेलीसुद्धा नाही. आणि तरी आमच्या क्लबात गेली चाळीस वर्षं जो कोणी आभाळातून धडधाकट खाली आला, त्याच्या पाठीवरची घडी या बाईने घातलेली होती.

मी तिची नणंद. नणंद वहिनीबद्दल चांगलं लिहायला बसली की वाचणाऱ्याला आधी शंका येते. येऊ दे. पहिल्या दिवशी मी तिला काय काय बोलले आणि परवा शेवटच्या दिवशी कसला सल्ला दिला, ते दोन्ही मी इथे लिहिणार आहे. वाचल्यावर ठरवा कोण कशी ते.

क्लब म्हणजे गावाबाहेर गवताची एक धावपट्टी, एक लांबलचक पत्र्याची शेड, दार काढून टाकलेलं एक छोटं विमान, आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून खांबाला बांधलेला कापडी मोजा. माझ्याकडे जीप. उडी मारणारा जिथे उतरायला हवा तिथे न उतरता भलतीकडे गेला, की त्याला शोधून आणायचं काम माझं. वर जाणाऱ्यांसाठी लोक टाळ्या वाजवतात. आणायला जाणारीला चिखलात गाडी घालून, लोकांची दारं ठोठावून "आमचा एक माणूस पडलाय का इथे?" असं विचारत फिरावं लागतं. एकदा एका आजोबांनी मला शांतपणे विचारलं होतं, "कुठून पडलाय, बाई?" मी वर बोट दाखवलं, तर त्यांनी दार लावून घेतलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. सोमवार ते शनिवार उंच इमारतींच्या विहिरीसारख्या काळोख्या पोकळीत तारांना ग्रीस लावत वर-खाली करायचा, आणि रविवारी उड्या. आमचे वडील म्हणायचे, "आठवडाभर लोकांना सुखरूप खाली उतरवतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः उडी टाकतो. याच्या डोक्याचा एखादा नट सैल आहे, तो कोणी आवळा." पण कामात दादा भलता कडक. तारेचे ठरल्यापेक्षा एक-दोन धागे जास्त तुटलेले दिसले, की सरळ लिफ्ट बंद करून पाटी लावायचा. मग सातव्या मजल्यावरची माणसं धापा टाकत त्याला शिव्या घालायची. तो मान खाली घालून हत्यारं भरायचा आणि निघायचा.

त्या काळात पॅराशूट म्हणजे गोल छत्री. वारा नेईल तिकडे जायचं आणि बटाट्याच्या पोत्यासारखं आदळायचं. मग क्लबाच्या मुख्य गुरुजींनी कुठूनतरी तीन पंख मागवले. गुरुजी म्हणजे उडी शिकवणारे आमचे मोठे साहेब, आडदांड देहाचे आणि पातळ आवाजाचे. हा पंख त्रिकोणी होता, पुढे टोक, मागे दोन फुगीर बाजू, खाली बावीस दोऱ्या. तो नुसता खाली येत नसे, पुढे उडत यायचा, डावीकडे ओढलं की डावीकडे वळायचा. करड्या रंगाचा होता म्हणून सगळे त्याला वटवाघूळ म्हणायला लागले. पहिल्यांदा त्याच्याखाली तरंगून आलेल्या दादाचा चेहरा मला अजून आठवतो. लहानपणी सायकल पहिल्यांदा कोणी न धरता चालली तेव्हा असाच दिसला होता.

पण वटवाघळाला एक वाईट खोड होती. ते उघडायचं ते फाडकन. सुसाट पडणारा माणूस एका क्षणात जागच्या जागी थांबवल्यासारखा. आवाज खाली जीपमध्ये मला ऐकू यायचा. दातांच्या डॉक्टरांना तर त्या हिसक्याने स्वतःच्याच दाढेवरची टोपी गमवावी लागली, आणि पुढचे सहा महिने त्यांचे पेशंट त्यांना "तुमची बसवली का?" म्हणून छळत होते. गाण्याच्या बाई होत्या, त्या पंख उघडल्या उघडल्या मोठ्याने सूर लावायच्या. लोकांना वाटायचं आनंदाने. खरं म्हणजे खांद्यातली कळ बाहेर पडायची ती. सगळ्यांच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे काळे-निळे वळ असत, आणि हे वेडे ते वळ एकमेकांना दाखवून फुशारक्या मारत.

वहिनी आली ती विमानातल्या बाकाचं कव्हर शिवायला. गादी, सोफा, उशी यांच्या खोळी शिवणं हा तिचा धंदा. लहानशी, चष्मा लावलेली, तोंडात टाचण्या धरलेली, आणि कोणाशी फारसं न बोलणारी. दादा शेडमागच्या नळावर शर्ट काढून तोंड धूत होता, तेव्हा तिने त्याची पाठ पाहिली. टाचण्या तोंडातून काढल्या.

"कोणी मारलं तुम्हाला?"

"पॅराशूटने."

"एकदाच?"

"दर रविवारी."

"आणि तुम्ही परत जाता?"

दादाने शर्ट अंगात घातला.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता आली. म्हणाली, मला ते कसं भरता ते दाखवा. दादाने पंख पसरला, दुमडला, पिशवीत कोंबला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "सगळं कापड एकदम मोकळं सुटतं, मग ते फाडकन नाही उघडणार तर काय करणार? उशीला खोळ चढवतो तशी याला लांब खोळ चढवा. आधी दोऱ्या बाहेर येतील, त्या ताणल्या की खोळ हळूहळू वर सरकेल, कापड सावकाश सुटेल." मग तिने दादाला दोऱ्यांचा जुडगा धरायला लावला आणि गळ्यातली मापपट्टी काढली. दादा तिच्याकडे बघत बसला असणार, कारण ती करवादली, "ताठ धरा हो! सैल धरलं की माप चुकतं."

खोळ चार दिवसांत तयार झाली. गुरुजी पोट धरून हसले. "उशीची खोळ घालून आभाळातून उडी? उद्या पांघरूणही द्याल!" कोणी पुढे होईना, आणि मग दादा म्हणाला, मी घेतो.

त्या सकाळी मी वहिनीला शेडच्या कोपऱ्यात गाठलं. वय होतं पंचवीस, आणि जीभ आजच्यासारखीच. म्हटलं, "तू गाद्या शिवतेस ना? गाद्याच शिव. माझ्या भावाला काही झालं तर तुला त्या मशीनसकट विहिरीत टाकीन." ती पांढरीफटक पडली. पण म्हणाली काय, तर "मी प्रत्येक टाका तीनदा ओढून पाहिलाय. काही झालं तर तुम्हाला टाकावं लागणार नाही, मी स्वतः जाईन." मला तिचा आणखीनच राग आला.

विमान वर गेलं. बाहेर पडलेल्या दादाचा ठिपका मला दिसला, आणि मी त्या फाडकन आवाजाची वाट पाहू लागले. आवाज आलाच नाही. आवाज नाही म्हणजे उघडलं नाही, एवढंच मला कळलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळे घट्ट मिटले. मग कोणीतरी जीपच्या पत्र्यावर थाप मारली. वर पाहिलं तर वटवाघूळ आरामात फिरत होतं, आणि त्याखाली आमचा शहाणा पाय हलवत बसला होता. उतरल्याबरोबर त्याने सगळ्यांसमोर शर्टाची बटणं काढून खांदे दाखवले. जुने पिवळे पडलेले वळ तेवढे होते, नवा एकही नव्हता. वहिनी लाजून शेडच्या दाराआड गेली.

पुढचे तीन महिने दादाचं काही ना काही फाटत होतं. पट्ट्याचं अस्तर, गुडघ्याची गादी, टोपीचा बंद. दर रविवारी स्वारी फाटकं घेऊन हजर. शेवटी तिने एक पट्टा उजेडात धरला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "हे फाटलेलं नाही, ब्लेडने कापलंय. फाटलेल्याचे धागे असे सरळ नसतात. बोलायचं असेल तर बोला, सामान कशाला खराब करता?" मग बोलला बिचारा. त्याच वर्षी लग्न झालं.

नंतर ती रीतसर परीक्षा देऊन पॅराशूट भरणारी आणि तपासणारी झाली. तिचं काम बघणं म्हणजे शिक्षाच. घडी चालू असताना कोणी बोलायचं नाही. कोणी चुकून "चहा घेणार का?" विचारलं, तरी ती अख्खी घडी मोडून पहिल्यापासून सुरू करायची. गुरुजी एकदा असेच बोलून गेले, तर त्यांना विमान थांबवून पाऊण तास बसावं लागलं. हसू दाबून बसले, पण बसले.

वर्षातून एकदा प्रत्येक पॅराशूटच्या कापडाची तपासणी व्हायची. कापड दोन ठिकाणी सपाट चिमट्यांत धरायचं, एका चिमट्याला ताणकाटा लावायचा, काटा अठरा किलोवर येईपर्यंत ओढायचं आणि तीन मोजेपर्यंत धरून ठेवायचं. टिकलं तर कार्डावर सही. फाटलं तर नापास. आणि नापास झालेल्याचा आमच्या क्लबात एक नियम होता: ज्याने नापास केलं त्यानेच सगळ्यांदेखत त्याच्या दोऱ्या कापायच्या, म्हणजे मोहापायी कोणी ते पुन्हा पाठीवर घेऊ नये. गाण्याच्या बाईंचा पंख वहिनीने असाच कापला. बाई ढसाढसा रडत होत्या. वहिनीने त्यांना चहा करून दिला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग कात्री काढली. तिसरा पंख तर कधीच गेला होता. त्यामुळे शेवटी वटवाघूळ उरलं ते एक, दादाचं.

काळ बदलला. चौकोनी, हवेने फुगणारी, गुणी बाळासारखी वागणारी पॅराशूटं आली. नवे लोक पायाच्या बोटावर उतरायला लागले आणि माझ्या जीपला काम उरलं नाही. दादा मात्र वर्षातून एकदा, जुन्या पंखांच्या दिवशी, वटवाघूळ काढायचा. त्या दिवशी म्हातारे जमत, दाढेच्या टोपीची गोष्ट दरवर्षी नव्याने सांगितली जाई आणि दरवर्षी ती टोपी थोड्या जास्त उंचीवरून पडे. दादाची एक उडी व्हायची, आणि मी जीप घेऊन उगीच त्याच्यामागे फिरायची.

या वर्षी दादा सदुसष्टचा. सदुसष्टनंतर कोणाला एकट्याला उडी मारू द्यायची नाही असा क्लबचा नियम. खांद्याच्या डॉक्टरांनी बरंच डोकं खाजवून एका उडीची परवानगी दिली होती. म्हणजे ही शेवटची. दादाने दोन महिने चालणं वाढवलं, गोड खाणं सोडलं. कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावून तो रोज एक दिवस खोडत होता. शाळकरी पोरासारखा.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी वहिनीला मदत करायला गेले. शेडची दुरुस्ती झाल्यामुळे तिचं लांब टेबल शेजारच्या खोलीत हलवलं होतं, आणि खिडकीचा उजेड यावा म्हणून उलट बाजूला लावलं होतं. मी पंखाचं टोक धरून उभी राहिले. तिने चिमटे लावले, काटा अडकवला, ओढायला सुरुवात केली. आठ, नऊ, दहा. अकराला कापड फाटलं. फार मोठा आवाज झाला नाही. जुना पडदा धुताना फाटतो तेवढाच.



तिने चार बोटं बाजूला पुन्हा चिमटे लावले. नऊला फाटलं. मग ती टेबलाला वळसा घालून पंखाच्या डाव्या बाजूला गेली आणि तिथे ओढून पाहिलं. अठरा, एक, दोन, तीन. काही झालं नाही. तिने चष्मा काढला आणि ती स्टुलावर बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "इथे तर मी नवं कापड लावलंय."

मला एकदम आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी दादा कुंपणाच्या तारेत उतरला होता, आणि मी घाईघाईने पंख ओढून काढताना डावीकडचा मधला मोठा पट्टा उभा फाडला होता. वहिनीने तो पूर्ण पट्टा नव्या कापडाचा बसवला. जुन्या टेबलावर पंख पसरला, की बरोबर तोच पट्टा तिच्या हाताखाली यायचा. नियम सांगतो, दरवर्षी वेगळी जागा तपासा. बाकी सगळ्यांच्या बाबतीत ती काटेकोर. पण दादाच्या पंखाला एकोणीस वर्षं तिने आपलंच ठिगळ ओढून पाहिलं होतं आणि ते टिकतंय म्हणून सही केली होती.

"लक्षात नाही आलं?" मी विचारलं.

तिने हातातला चष्मा पुसला. मग म्हणाली, "पहिल्या एक-दोन वर्षांत नसेल आलं. नंतर आलंच असणार, वन्सं. माझा हात आपोआप तिथेच जायचा. नापास झालं असतं तर मला ते कापावं लागलं असतं, आणि त्यांचा चेहरा बघावा लागला असता. म्हणून मी बघितलंच नाही." आणि तिला रडू फुटलं. चाळीस वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

आता माझा सल्ला. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "कोणाला कळलंय? तू आणि मी. दोन्ही ठिकाणी पट्टी लाव, सही कर. एकच तर उडी आहे. एकोणीस वर्षं काही झालं नाही, उद्याच होणार आहे का? आणि छातीवर राखीव पॅराशूट आहेच की!"

तिने डोळे पुसले. "राखीव उघडावंच लागणार असं धरून कोणाला वर पाठवत नाहीत."

"अगं, त्याने दोन महिने कागदावर दिवस खोडलेत!"

"मला नाही माहीत? तो कागद मीच लावून दिलाय." तिने पंखाच्या फाटक्या कडा बोटांनी जुळवून पाहिल्या आणि सोडून दिल्या. "तुम्ही मला त्या दिवशी काय बोलला होता, आठवतं? माझ्या भावाला काही झालं तर. मला इतका राग आला होता तुमचा. पण तेव्हापासून प्रत्येक टाक्याला मला तुमचा आवाज ऐकू यायचा. आज तोच आवाज काढा ना, वन्सं. आज का गप्प बसता?"

मी तिला जवळ घेतलं. इतक्या वर्षांत धाकट्या नणंदेचा तोरा सोडून मी ते पहिल्यांदाच केलं, आणि त्याची मला लाज वाटते.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दादा स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून उडीच्या बुटांच्या नाड्या बदलत होता. वहिनी त्याच्यासमोर बसली, आणि काही आडपडदा न ठेवता तिने सगळं सांगितलं. अकराला फाटलं, नऊला फाटलं. डावीकडे का टिकलं. एकोणीस वर्षं कशा सह्या केल्या. दादाच्या हातात नाडी तशीच राहिली.

"म्हणजे मी एकोणीस वर्षं तुझ्या एका ठिगळावर लटकत होतो," तो म्हणाला.

तिने मान हलवली. दादा उठला, बूट कोपऱ्यात ठेवले आणि बाहेर जाऊन माझ्या जीपमध्ये बसला. मी जाऊन शेजारी बसले. तो समोरच्या काचेतून बघत होता.

"मला नव्वद वर्षांच्या एका बाईंनी एकदा चप्पल फेकून मारली होती," तो म्हणाला. "लिफ्ट बंद केली म्हणून. चार दिवस घरात अडकल्या होत्या त्या. मला माहीत होतं की त्या अडकणार, तरी केली बंद. आता मला कळतंय त्यांना कसं वाटलं असेल."

"तू चिडलायस तिच्यावर?"

"हो, चिडलोय. तिने सांगितलं नसतं तर मी उद्या मजेत उडालो असतो, म्हणून चिडलोय. आणि तिने सांगितलं म्हणून..." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, आमच्या आईला न आवडणाऱ्या पद्धतीने.

मग मी त्याला माझा सल्ला सांगून टाकला. तो माझ्याकडे वळून बघत राहिला. "तू?" म्हणाला. "तू सांगितलंस पट्टी लावायला?" मी हो म्हटलं. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, पण जोरात. आणि घरात गेला. थोड्या वेळाने मी खिडकीतून पाहिलं, तर तो ओट्यापाशी उभा राहून तिला कपबशा पुसून देत होता.

रविवारी सकाळी सगळे म्हातारे शेडमध्ये जमले. दातांचे डॉक्टर, काठी टेकत गुरुजी, गाण्याच्या बाई. वहिनीने कार्ड हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, एकही शब्द गाळला नाही. "तुमची सगळ्यांची पॅराशूटं मी पुन्हा तपासणार आहे," ती म्हणाली. "तोवर कोणी माझ्या सहीवर उडू नका." तिच्या चाळीस वर्षांच्या नावाचं आता काय होणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. मग डॉक्टरांनी आपली पिशवी उचलून तिच्या टेबलावर ठेवली. "माझ्यापासून सुरू करा," म्हणाले. "आणि मी मध्ये बोलणार नाही, आईशप्पथ." गुरुजी त्यांच्या पातळ आवाजात खिदळले आणि सगळे हसले. वहिनीला मात्र हसू आलं नाही. तिला अजून एक काम करायचं होतं.

वटवाघूळ जमिनीवर पसरलेलं होतं. तिने पेटीतून मोठी कात्री काढली, गाद्या शिवायची तिची पहिली कात्री. दोऱ्यांपाशी बसली, पण सैल दोऱ्या पातीतून निसटायला लागल्या. मी पुढे होणार, तोच दादा तिच्यासमोर गुडघे टेकून बसला. गुडघ्यांनी कुरकुर केली. त्याने बावीस दोऱ्यांचा जुडगा दोन मुठींत घेतला आणि मागे कलून ताणला.

"बरोबर आहे का बघ," तो म्हणाला. "नाहीतर पुन्हा ओरडशील."

"ताठ धरा," ती म्हणाली. "सैल धरलं की कात्री घसरते."

तिने पहिली कापली. दादाच्या मुठी जराही हलल्या नाहीत. दुसरी, तिसरी. गाण्याच्या बाई पलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी मोजत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस.

"एक राहू दे," दादा म्हणाला.

"कशाला?"

"अशीच."

"नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही त्या एकीवरसुद्धा उडाल."

दादा हसला, हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले, पण त्याने दोरी सैल सोडली नाही. तिने बाविसावी कापली. पंख जमिनीवर होता तसाच पडून राहिला, आणि दादा कापलेली टोकं मुठीत धरून बसून राहिला. वहिनीने कात्री खाली ठेवली, त्याची बोटं एक एक करून सोडवली, टोकं काढून घेतली, आणि मग उठून कार्डावर 'नापास' लिहून सही केली.